माझ्या फाइलला हात लावू नका

मागच्या रविवारी पहाटे पावणेपाचला फोन वाजला तेव्हा मी साताऱ्यात, मावसभावाच्या लग्नघरात, हॉलमधल्या गाद्यांवर चौदा नातेवाइकांच्या मध्ये आडवा होतो. एवढ्या पहाटे फोन म्हणजे एक तर कुणीतरी गेलं किंवा प्रॉडक्शन गेलं. प्रॉडक्शन गेलं होतं.

आमच्याकडे एक जॉब रात्रभर बाहेरच्या एका सिस्टीमकडून डेटा ओढत असतो. तो टाइमआउट होऊन चार वेळा पडला होता. बाथरूमच्या बाहेर स्टुलावर लॅपटॉप ठेवून (नेट फक्त तिथेच येत होतं, हसू नका) बघितलं तर सेटिंग्जच्या फाइलमध्ये टाइमआउट ३० सेकंद. पूर्वी तिथे ९५ असायचं. शुक्रवारी टीममधल्या नव्या पोराने बदललं होतं. त्याला उठवलं. बिचारा म्हणाला, "सगळ्या सर्व्हिसेसना ३० आहे, ह्या एकीलाच ९५ का ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं कुणाचीतरी चूक असेल."

लिहिलेलं होतं हो. त्या ओळीच्या बरोब्बर वर चार ओळींची कॉमेंट होती. समोरच्यांचा बॅकअप रविवारी पहाटे चालतो, तेव्हा पहिलं उत्तर यायला ऐंशी सेकंद लागतात, ३० करू नये, एकदा करून पाहिलंय... असं सगळं. लिहिणारे काका. काका म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यात जुने गृहस्थ. आमच्यातले अर्धे लोक शाळेत होते तेव्हापासून युनिक्सवर आहेत, आणि प्रत्येक सेटिंगच्या वर त्याचा इतिहास लिहून ठेवतात. साठ ओळींच्या त्या फाइलमध्ये सेटिंग्ज जेमतेम वीस. बाकी सगळे काका.

मग कॉमेंट गेली कुठे? तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी त्या मशीनवर आमच्या घरगुती कमांड लाइन टूलची 'कॉन्फिग सेट' ही कमांड चालवली होती. एक किरकोळ व्हॅल्यू बदलायला. टूलने अख्खी फाइल वाचली, ती एक व्हॅल्यू बदलली आणि अख्खी फाइल परत लिहिली. त्यात सगळ्या कॉमेंट्स उडाल्या. काकांनी कॅपिटलमध्ये लिहिलेली नावं स्मॉल झाली. साठ ओळींच्या जागी वीस ओळींची गुळगुळीत फाइल राहिली. टूलने खाली हिरव्या अक्षरात 'डन' छापलं.

आणि ते टूल मी लिहिलंय.

सोमवारी काकांकडे गेलो. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "टूल चांगलंय रे तुझं. पण ती फाइल माझी होती." मी आपला इंजिनियरसारखा वाद घातला, "काका, पण फॉरमॅट टूलचाच आहे ना, टूलच ती वाचतं..." तर म्हणाले, "वही कुणी छापली ते नाही विचारत. तिच्यात लिहिलंय कुणी?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर विचार केला, अजून नाहीये. तेव्हा आजच्या शनिवारी शिव्या घालायच्या आहेत कमांड लाइन टूल्स लिहिणाऱ्या आपल्या सगळ्या जमातीला, आणि रांगेत पहिला मी. (कमांड्स आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहितोय. तशीच्या तशी टर्मिनलवर चिकटवू नका.)

माझं म्हणणं असं आहे. सेटिंग्जची फाइल माणसाची असते. टूलने ती वाचावी. सांगितल्याशिवाय तिच्यात लिहू नये. सांगितलं तर जेवढं सांगितलं तेवढीच ओळ बदलावी, शेजारच्या ओळीला धक्का लावू नये. आणि टूलला स्वतःला काही लक्षात ठेवायचं असेल तर त्याने आपली वेगळी वही घालावी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं आहे तर सगळे करत का नाहीत? कारण चुकीचं करणं तीन ओळींचं काम आहे. लोड, बदल, डंप. पायथॉनचं कॉन्फिगपार्सर घ्या. परत लिहिताना मूळ कॉमेंट्स टिकत नाहीत हे त्याच्या अधिकृत कागदपत्रांत छापलेलं आहे. मी ते वाचलं कधी? रविवारी, स्टुलावर. नावं स्मॉल करणं हाही त्याचा डीफॉल्ट स्वभाव. यामलचं तेच. पायथॉनच्या नेहमीच्या लायब्ररीतून वाचून परत लिहिलं की कॉमेंट्स जातातच, वर ती किल्ल्या वर्णानुक्रमे लावून देते. म्हणजे तुम्ही डेटाबेसचं सगळं एकत्र, मग नेटवर्कचं सगळं एकत्र असं मांडलेलं असतं, आणि कुणीतरी येऊन स्वयंपाकघरातले डबे अ-आ-इ-ई प्रमाणे लावून जातं. हळद आणि हिंग शेजारी, मोहरी पार तिकडे. वर 'डन'.

जेसनमध्ये तर प्रश्नच मिटला, तिथे कॉमेंट लिहायचीच सोय नाही. डग्लस क्रॉकफर्डने कारण सांगितलेलं आहे: लोक कॉमेंट्समध्ये पार्सरसाठी हुकूम लिहायला लागले होते, त्यामुळे फॉरमॅटची एकवाक्यता गेली असती, म्हणून त्याने कॉमेंट्स काढून टाकल्या. दोन मशीनांनी आपापसात बोलायच्या भाषेसाठी निर्णय एकदम योग्य. पण तीच भाषा आपण माणसाच्या सेटिंग्जना लावली, आणि मग लोक 'अंडरस्कोअर कॉमेंट' नावाची खोटी किल्ली घालून तिच्यात मन मोकळं करायला लागले. हे बघून वाईट वाटतं हो.

टॉमल बरं. टॉम प्रेस्टन-वर्नरने २०१३ मध्ये काढलं, २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. माणसाने हाताने लिहावं अशी त्याची रचना आहे. पायथॉनने ३.११ मध्ये, म्हणजे २०२२ साली, टॉमल आपल्या स्टँडर्ड लायब्ररीत घेतलं, पण फक्त वाचायला! लिहायची सोय दिलीच नाही. तेव्हा मला हा आळशीपणा वाटला होता. आता वाटतं, माझ्यासारख्यांच्या हातात सुरी न दिलेलीच बरी. लिहायचंच असेल तर टॉमलकिट आहे, यामलसाठी रुआमेल आहे, ह्या कॉमेंट्स आणि मांडणी सांभाळून लिहितात. रस्टवाल्यांकडे टॉमल-एडिट आहे. २०२२ पासून कार्गोमध्येच आलेली 'कार्गो ॲड' ही कमांड तेच वापरून तुमच्या फाइलमध्ये एक डिपेंडन्सी टाकते आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवते. म्हणजे हत्यारं आहेत. आपण ती उचलत नाही.

परवा गंमत म्हणून एका एआय मदतनिसाला सांगितलं, सेटिंग सेव्ह करायचं फंक्शन लिहून दे. त्याने मोठ्या अदबीने लोड, बदल, डंप लिहून दिलं. अगदी माझ्यासारखं. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं जे लिहून ठेवलंय तेच ते शिकलंय, त्याला काय बोलणार.

काकांना मी आधी एक मुद्दा मोठ्या तोऱ्यात टाकला होता. म्हणलं, "गिट पण लिहितंच की फाइलमध्ये! 'गिट कॉन्फिग ग्लोबल यूजर नेम' आपण सगळ्यांनी केलंय." काका म्हणाले, "जा, करून बघ." केलं. माझ्या .गिटकॉन्फिगमध्ये मुद्दाम वेड्यावाकड्या कॉमेंट्स टाकल्या, कुठे टॅब, कुठे चार स्पेस, आणि मग एक व्हॅल्यू बदलली. आधीची आणि नंतरची फाइल डिफ करून पाहिली. एक ओळ. फक्त एक ओळ बदललेली.

मग आत काय चालतं ते शोधलं आणि मान खाली गेली. गिट आधी त्याच फाइलच्या शेजारी .लॉक शेपटाची दुसरी फाइल बनवतं. ती आधीच असेल तर 'दुसरं कुणीतरी लिहितंय' म्हणून थांबतं. मग जुन्या फाइलमधला मजकूर जसाच्या तसा त्या नव्या फाइलमध्ये उतरवतं, मधला हवा तेवढाच तुकडा बदलतं, जुन्या फाइलच्या परवानग्या नव्या फाइलला देतं आणि मग नाव बदलून तिला जुन्या जागी बसवतं. मूळ फाइल सिमलिंक असेल तर लिंक तोडत नाही, लिंक जिथे जाते तिथली खरी फाइल बदलते. एवढ्या सगळ्यासाठी आपण कधी गिटचे आभार मानलेत? नाही. कारण काही बिघडलंच नाही.

ह्यातला प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी पोटात लाथ बसल्यावर आलेला आहे. नाव बदलायची भानगड कशाला, सरळ फाइल उघडून लिहिली तर? तर उघडताक्षणी जुना मजकूर शून्य बाइट होतो, आणि नवा लिहून व्हायच्या आत लाइट गेली, बॅटरी मेली, कुणी कंट्रोल-सी दाबलं, की ना जुनं ना नवं. २००९ च्या सुरुवातीला हे लोकांच्या घरोघरी झालं. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम नुकतीच आली होती. ती डेटा डिस्कवर उतरवायला अर्धा-एक मिनिट थांबायची, त्याने वेग वाढायचा. पण मधेच मशीन कोसळलं की केडीई आणि ग्नोमच्या सेटिंग्जच्या फाइली शून्य बाइटच्या. उबुंटूच्या ९.०४ ची चाचणी करणाऱ्यांनी बोंब मारली. टेड त्सो, म्हणजे ईएक्सटी४ च्या मुख्य लेखकांपैकी एक, त्यांचं म्हणणं असं की दोष फाइल सिस्टीमचा नाही, प्रोग्राम एफसिंक न करताच डेटा पोचला असं धरून चाललेत. लोकांचं म्हणणं, इतकी वर्षं चालत होतं ना. शेवटी कर्नलच्या २.६.३० आवृत्तीत अशा नाव बदलून लिहिणाऱ्या प्रोग्रामांना सांभाळून घेणारा बदल आला. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं, पण टूल लिहिणाऱ्याने त्सोंच्या बाजूने उभं राहावं. तात्पुरती फाइल, एफसिंक, मग रीनेम. ह्या क्रमाने. आणि ती तात्पुरती फाइल त्याच डिरेक्टरीत. मी ती /टीएमपी मध्ये बनवायचो. /टीएमपी बऱ्याच मशीनांवर वेगळ्या फाइल सिस्टीमवर असतं आणि मग रीनेम चालतच नाही.

सिमलिंकचं तर विचारूच नका. ज्यांना आपल्या सेटिंग्जची किंमत कळते ते लोक त्या एका गिट रेपोमध्ये ठेवतात आणि होम डिरेक्टरीत नुसत्या लिंका टाकतात. त्यासाठी ग्नू स्टो सारखी टूल्स आहेत. आता तुमचं हुशार टूल तात्पुरती फाइल बनवून रीनेम करतं, ते त्या लिंकवरच येऊन बसतं. लिंक गेली, तिथे खरी फाइल आली. रेपोमधली फाइल तशीच जुनी. सहा महिन्यांनी नवा लॅपटॉप मिळतो, माणूस रेपो उतरवतो आणि विचारात पडतो की मी केलेले बदल गेले कुठे? म्हणजे अर्धवट शहाणपण केलंत तर ज्याने सगळ्यात जास्त काळजी घेतली त्यालाच सगळ्यात जास्त मार. मागच्या आठवड्यापर्यंत माझंही टूल हेच करत होतं.

असो. लिहायचं कसं ह्याहून मोठा लोच्या आहे काय लिहायचं ह्याचा.

टूलकडे तीन जातीच्या गोष्टी असतात. एक, माणसाने ठरवलेलं: मला रंग नकोत, टाइमआउट ९५ ठेवा. दोन, टूलला आपलं आपण आठवतं ते: शेवटची कमांड कुठली, सध्या कुठल्या सर्व्हरवर आहोत. तीन, गुपितं: पासवर्ड, टोकन. जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. विमची सेटिंग्ज .विमआरसी मध्ये, विमच्या आठवणी .विमइन्फो मध्ये. बॅशची सेटिंग्ज .बॅशआरसी मध्ये, इतिहास .बॅश-हिस्टरी मध्ये. आणि आपण नव्या जमान्यातले लोक काय करतो? तिन्हींची भेळ.

क्यूबकंट्रोलचं घ्या. ~/.क्यूब/कॉन्फिग ह्या एकाच फाइलमध्ये क्लस्टर्सचे पत्ते, तिथे शिरायच्या किल्ल्या, आणि 'सध्या कुठल्या क्लस्टरवर आहोत' ही आठवण. कॉन्टेक्स्ट बदलला की ती आठवण फाइलमध्ये लिहिली जाते. आता हे बघा: एका टर्मिनलमध्ये तुम्ही टेस्टिंगवर आहात. दुसऱ्या टर्मिनलमध्ये काहीतरी बघायला कॉन्टेक्स्ट प्रॉडक्शनवर नेता. पहिल्या टर्मिनलवर परत येता, तिथे स्क्रीनवर काहीच बदललेलं नाही, वरच्या कमांडचं आउटपुटसुद्धा टेस्टिंगचंच आहे, आणि तुम्ही डिलीट मारता. कुठे जाईल ते? ह्या व्यवसायात हा घाम फुटला नाही असा माणूस विरळा. प्रत्येक टर्मिनलला क्यूबकॉन्फिग हे वेगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन ह्यातून सुटता येतं, पण ते माणूस पहिल्यांदा होरपळल्यावरच शिकतो. त्यांच्या लोकांनाही अखेर हे कळलं. २०२५ मध्ये १.३३ आवृत्तीत त्यांनी क्यूबआरसी नावाची वेगळी फाइल आधी अल्फा म्हणून आणली, माणसाच्या आवडीनिवडी तिच्यात आणि क्लस्टरच्या किल्ल्या जुन्या फाइलमध्ये. उशिरा का होईना. 'सध्या कुठे आहोत' मात्र अजून जुन्याच जागी.

डॉकरचं लॉगिन, क्रेडेन्शियल स्टोअर लावलेलं नसेल तर, पासवर्ड बेस६४ करून सेटिंग्जच्याच कॉन्फिग.जेसनमध्ये टाकतं. बेस६४ म्हणजे कुलूप नाही, चोराने कडी काढून आत यावं एवढंच. एनपीएम लॉगिन टोकन ठेवतं ते .एनपीएमआरसी मध्ये, म्हणजे जिथे तुमची साधी सेटिंग्ज आहेत तिथेच. मग एखादा उत्साही मुलगा 'माझे डॉटफाइल्स' म्हणून रेपो सार्वजनिक करतो आणि सेटिंग्जबरोबर घराची किल्लीही वाटतो. ह्यात मुलाची चूक किती आणि एका पिशवीत दोन्ही घालणाऱ्याची किती? एडब्ल्यूएसच्या टूलचं निदान एवढं बरं की कॉन्फिग वेगळी, क्रेडेन्शियल्स वेगळी. गिटहबच्या टूलनेही सेटिंग्ज आणि लॉगिन वेगळ्या फाइलींत ठेवले होते आणि २०२३ पासून ते टोकन शक्यतो सिस्टीमच्या कीरिंगमध्येच टाकतं.

सगळ्यात सुंदर तोडगा मला दिसला तो कमांड लाइन टूलमध्ये नाही, पोस्टग्रेसमध्ये. २०१४ च्या ९.४ आवृत्तीत त्यांनी 'ऑल्टर सिस्टम' आणलं, म्हणजे एसक्यूएलमधून सेटिंग बदलायची सोय. आता हे लिहायचं कुठे? डीबीए लोकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मध्ये? नाही. त्यांनी शेजारी दुसरी फाइल केली, नावात 'ऑटो' घातलं, आणि पहिल्याच ओळीत लिहून टाकलं की ही हाताने बदलू नका. माणसाची फाइल आधी वाचायची, मशीनची नंतर. दोघांची भांडी वेगळी. ह्याच्या उलट ईमॅक्स: मेनूमधून काही बदललं की ते तुमच्याच इनिट फाइलच्या शेवटी आपला मजकूर टाकतं, वर कॉमेंटमध्ये तुम्हालाच दम देतं की हाताने बदलाल तर बिघडवाल. माझ्या घरात येऊन मलाच सांगायचं की इथे जपून चाल! (कस्टम-फाइल नावाचं सेटिंग करून हे वेगळ्या फाइलमध्ये पाठवता येतं. करून टाका.)

फाइल ठेवायची कुठे ह्यावर फार बोलत नाही, कारण ते २००३ मध्येच ठरलंय. एक्सडीजीचं मानक म्हणतं, सेटिंग्ज ~/.कॉन्फिग मध्ये, डेटा ~/.लोकल/शेअर मध्ये, फेकून दिलं तरी चालेल ते ~/.कॅश मध्ये. २०२१ मध्ये 'स्टेट'साठीही वेगळी जागा आली. म्हणजे मी वर जी भेळ म्हणालो ती वेगळी करायला ताटात वाट्यासुद्धा मांडून ठेवल्यात. तरी प्रत्येक नवं टूल होम डिरेक्टरीत आपली टिंबवाली फाइल टाकून जातं. ही टिंबाची भानगडसुद्धा अपघातच आहे बरं का. रॉब पाइकने २०१२ मध्ये ती गोष्ट लिहिली होती: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्समध्ये 'टिंब' आणि 'टिंबटिंब' ह्या दोन नोंदी यादीत दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये एक तपासणी घातली, आणि पूर्ण नाव बघायच्या ऐवजी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच बघितलं. तेवढ्या आळसातून 'लपलेली फाइल' जन्माला आली. आणि जे दिसत नाही ते साफ करायला कुणी जात नाही. माझ्या होम डिरेक्टरीत अशा ६८ नोंदी आहेत. आत्ता मोजल्या.

आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहिणारे? त्यांच्यासाठी खास जागा राखून ठेवलेली असावी. एनव्हीएमचा इन्स्टॉलर तुमच्या .बॅशआरसी किंवा .झेडएसएचआरसी च्या शेवटी आपल्या ओळी चिकटवतो. कोंडा निदान 'इथून इथपर्यंत माझं' अशा खुणा करून टाकतं आणि उलटी कमांड दिली की काढूनही नेतं. रस्टअप आधी दाखवतं की मी ह्या-ह्या फाइली बदलणार आहे, चालेल का? विचारायला एक प्रश्न लागतो. एवढाच फरक आहे पाहुण्यात आणि घुसखोरात.

ऑफिसात हे सगळं बोललो तेव्हा एक मित्र म्हणाला, मग 'कॉन्फिग सेट' काढूनच टाक, लोक एडिटरमध्ये उघडून बदलतील. हे मला पटत नाही. नव्या माणसाला सर्व्हरवर व्हीआयमधून बाहेर पडता येत नसेल तर तो त्याचा गुन्हा नाही, आणि स्क्रिप्टमधून पन्नास मशीनांवर एक व्हॅल्यू बदलायची तर कमांड लागतेच. सोय हवीच. पण सोय ज्याची, त्याची परवानगी. दुसरी म्हणाली, कॉमेंट्स फाइलमध्ये लिहायच्याच कशाला, विकीवर लिहा. तिला म्हणलं, पहाटे पावणेपाचला तू विकी उघडशील? माणूस जिथे आकडा बदलतो तिथेच त्याला कारण दिसलं पाहिजे. दहा सेंटिमीटर वर. विकीवर सुद्धा ते होतं म्हणे, २०१९ च्या एका पानावर.

एक मुद्दा मात्र मी मान्य केला. फाइल माणसाची म्हणून सोडून दिली तर माणूसही घाण करतो, चुकीची किल्ली लिहितो, आणि टूल गप्प बसून डीफॉल्ट धरतं. तेव्हा टूलने बोललं पाहिजे. कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत काय कळलं नाही ते सांगावं, स्वतः दुरुस्त करायला जाऊ नये. व्हीआयसुडो किती वर्षं हेच करतंय: प्रतीवर काम करू देतं, तपासतं, चूक असेल तर विचारतं आता काय करू. आणि कुठली व्हॅल्यू कुठून आली तेही विचारता आलं पाहिजे. कमांडवर दिलेली, एन्व्हायर्नमेंटमधली, प्रोजेक्टच्या फाइलमधली, की होममधली? गिटमध्ये २०१६ पासून 'शो-ओरिजिन' आहे. त्या रविवारी माझ्या टूलमध्ये ते असतं तर माझी पंचवीस मिनिटं वाचली असती. इकडे नवरदेवाला हळद लागत होती आणि मी तीन फाइलींपैकी नेमकी कुठली वाचली जातेय ते शोधत होतो.

ह्या आठवड्यात तीन संध्याकाळी बसून टूल दुरुस्त केलं. कॉन्फिगपार्सर आता फक्त वाचतं. लिहिताना ओळ शोधून तेवढीच बदलतो, साधारण दीडशे ओळींचा कोड झाला. टेस्ट एकच पण कडक लिहिली: कॉमेंट्सनी भरलेली फाइल घ्यायची, एक व्हॅल्यू बदलायची, परत पूर्वीची करायची, आणि सुरुवातीच्या फाइलशी बाइट-बाइट ताडून बघायची. चाचणीसाठी काकांचीच फाइल मागितली. त्यांनी सगळ्या कॉमेंट्स आठवून परत लिहिल्यात. टाइमआउटच्या वरच्या चार ओळींच्या आता पाच झाल्यात, पाचवीत मागच्या रविवारची तारीख आहे.

काल नवी आवृत्ती त्या मशीनवर चढवली आणि मोठ्या विश्वासाने 'कॉन्फिग सेट' चालवलं. 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. परवानग्या बघितल्या, ठीक. मालक बघितला, ठीक. अर्ध्या तासाने सुचलं म्हणून एलएसॲटर मारून बघितलं, तर काकांनी रूटवरून त्या फाइलला चॅटर प्लस आय करून ठेवलंय. तो झेंडा काढेपर्यंत खुद्द रूटलासुद्धा ती बदलता येणार नाही.

काढा म्हणून सांगायची हिंमत अजून झालेली नाही.